व्हिडिओ गेम संगीताची प्रोग्रेसिव्ह रॉक पुनर्रचना

व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी रचलेली धून घेऊन ती विद्युत गिटार, बेस, ड्रम्स, ऑर्गन आणि सिंथेसायझर यांच्या वाद्यमेळात बसविणे, आणि तसे करताना केवळ ध्वनी पालटून न थांबता विषम मात्रांची आवर्तने, दीर्घ खंडरचना व वाद्यांचे परस्पर उत्तर-प्रत्युत्तर यांच्या आश्रयाने तिचा विस्तार करणे, हा या कलाव्यवहाराचा स्थूल अर्थ होय. त्याचा उगम जपानमध्ये असून १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतही त्याची स्वतंत्र वहिवाट पडली.

या संगीताचे मूळ यंत्राच्या दारिद्र्यात आहे. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात विक्रीस आणलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्रात ध्वनीसाठी अवघे पाच मार्ग होते : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक अत्यल्प लांबीच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाची चित्रे, आज्ञावली आणि संगीत ही सारी मिळून ४० किलोबाइटांत सामावलेली होती. एवढ्या जागेत स्वरसंवाद उभा करावयाचा, तर एकाच मार्गावर तीन-चार स्वर इतक्या वेगाने आळीपाळीने वाजवावे लागत की कानास ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा; खर्ज त्रिकोणी लहरीने सांभाळावा आणि खरखरीने तबल्या-ढोलाचे काम करावे, अशी तजवीज असे. धून अर्ध्या-एक मिनिटात संपून पुन्हा आरंभाकडे वळे, आणि खेळणारा जोवर त्या टप्प्यावर रेंगाळे तोवर ती फिरत राही. शेकडो आवर्तनांनंतरही जी कंटाळवाणी होणार नाही अशीच धून येथे तगू शकत असल्यामुळे त्या काळातील उत्तम रचनांचा स्वरबांधा विलक्षण घट्ट झाला. विस्ताराला मात्र तेथे मुळीच जागा नव्हती.

ती जागा ज्या संगीतप्रकारात होती त्याच्याशी या रचनाकारांचा परिचय जुना होता. १९६९ साली ‘किंग क्रिम्सन’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून प्रोग्रेसिव्ह रॉक या संप्रदायाची गणना सामान्यतः केली जाते. त्यातील ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या त्रयीने मुसोर्गस्की या रशियन रचनाकाराची १८७४ ची पियानोमालिका ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ १९७१ साली ऑर्गन, बेस आणि ड्रम्सवर नव्याने उभी केली. म्हणजे पराव्या रचनेचा असा पुनर्जन्म हा या संप्रदायाच्या रक्तातच होता. मारिओचे संगीतकार कोजी कोंडो (जन्म १९६१, नागोया) यांच्या तरुणपणीच्या आवडींत हीच त्रयी होती. ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’ (१९८६) या खेळाच्या आरंभी राव्हेल या फ्रेंच रचनाकाराचे ‘बोलेरो’ वापरण्याचा त्यांचा मानस होता. परंतु त्याची स्वामित्वमुदत अद्याप संपली नसल्याचे ऐन वेळी ध्यानात आल्यामुळे त्यांनी नवी धून रचली, आणि तीच पुढे त्या खेळाची ओळख ठरली.

या क्षेत्रातील अग्रमान नोबुओ उएमात्सु (जन्म १९५९, कोची) यांचा आहे. संगीताचे रीतसर शिक्षण न घेता ते १९८६ साली स्क्वेअर कंपनीत रुजू झाले आणि १९८७ पासून ‘फायनल फँटसी’ या खेळमालेचे संगीत त्यांनी रचले. १९९४ च्या सहाव्या खेळातील अंतिम युद्धासाठी लिहिलेली ‘डान्सिंग मॅड’ ही रचना नंतरच्या पिढीतील यंत्राच्या आठ मार्गांवर चर्चमधील ऑर्गनचा आभास निर्माण करणारी, बाख या जर्मन रचनाकाराच्या पद्धतीचे स्वरगुंफण आणि रॉकचा प्रवेग यांना एकत्र नांदविणारी अशी चार खंडांची आहे. हे खंड शत्रूच्या एकेका स्तराच्या पराभवानुसार पुढे सरकतात, म्हणून मूळ रचनेची लांबी खेळणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहते. कोणास एक खंड दोनदा ऐकावा लागेल, कोणास दहादा. २००२ साली उएमात्सु यांनी केनिचिरो फुकुई आणि त्सुयोशी सेकितो या सहकाऱ्यांसह ‘द ब्लॅक मेजेस’ हा वाद्यवृंद स्थापिला, आणि त्याच्या २००३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत, जिच्यातील सर्व रचना युद्धप्रसंगांच्या आहेत, ही रचना सुमारे बारा मिनिटांची होऊन अवतरली. जो कालावधी पूर्वी खेळणाऱ्याच्या हाती होता तो येथे वादकांच्या हाती आला. कोठे थांबावे, कोणता खंड किती वाढवावा, पुढच्या खंडाची चाहूल केव्हा द्यावी, याचे निर्णय आता त्यांना घ्यावे लागले. आणि माझ्या मते पुनर्रचनेचे खरे कर्तृत्व ध्वनीच्या भारदस्तपणापेक्षा या निर्णयांतच आहे. या वृंदाच्या आणखी दोन ध्वनिमुद्रिका २००४ आणि २००८ साली निघाल्या व २०१० साली तो विसर्जित झाला.

मोतोई साकुराबा (जन्म १९६५) यांचा प्रवास उलट दिशेने झाला. ते मुळातच प्रोग्रेसिव्ह रॉकचे कळफलकवादक. ‘देजा-व्हू’ या त्यांच्या वृंदाची ध्वनिमुद्रिका १९८८ साली निघाली, आणि त्यानंतर ते खेळांच्या संगीताकडे वळले. ‘स्टार ओशन’ आणि ‘व्हॅल्किरी प्रोफाइल’ या खेळांतील आपल्याच रचना २००३ साली त्यांनी मंचावर सादर केल्या, तेव्हा गिटार वगळून कळफलक, बेस आणि ड्रम्स एवढ्याच वाद्यांचा मेळ योजिला होता. यांच्या बाबतीत पुनर्रचना ही घरवापसी होती.

अमेरिकेतील वृंदांपैकी ‘मिनीबॉसेस’ यांनी ‘कॅसलव्हेनिया’, ‘मेगा मॅन’ आदी खेळांतील धुनांच्या दीर्घ मालिका गुंफल्या, तर कॅलिफोर्नियातील ‘द अॅडव्हान्टेज’ यांनी मूळ स्वरावली जवळजवळ जशीच्या तशी दोन गिटारांवर उतरविण्याचा कठोर नेम पाळला. दुसऱ्या पद्धतीतील हस्तकौशल्य आदरणीय असले, तरी तेथे धुनेचे वाद्य बदलते, तिचे आयुष्य बदलत नाही.

प्राप्त वस्तूत किती फेरफार करावा, हा या दोन पद्धतींतून उभा राहणारा प्रश्न महाराष्ट्रातील वाशीम जिल्ह्याला अपरिचित नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या इतिहासावर प्रकाश टाकणारा विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट १९३९ साली याच गावी उजेडात आला. शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन (इ. स. चे चौथे शतक) याने पारिजातहरणाच्या परिचित कथेवर ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचिले. ते काव्य आज उपलब्ध नाही. परंतु नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन याने ‘ध्वन्यालोका’त, परंपरेने आलेल्या कथेतील रसास प्रतिकूल असा भाग टाकून अनुकूल प्रसंग कल्पिण्याची मुभा कवीस आहे हे सांगताना, कालिदासाच्या प्रबंधांच्या जोडीने याच काव्याचा दाखला दिला आहे. पुनर्रचनेस याहून नेमकी कसोटी मिळणे कठीण आहे. युद्धाच्या धुनेत भय आणि उत्साह हे भाव आहेत. सात मात्रांचे आवर्तन त्या धुनेस अधिक अस्वस्थ करीत असेल तर तो बदल ग्राह्य, आणि केवळ वादकाची तयारी दाखवीत असेल तर त्याज्य समजावा.

विषम आवर्तनांचे म्हणून जे काठिण्य पाश्चात्त्य समीक्षक वर्णितात ते रूपक आणि झपतालावर वाढलेल्या मराठी कानास फारसे जाणवू नये. पराव्या चाली आपल्या करण्याचीही येथे जुनी परंपरा आहे : ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी कर्नाटकी चालींना मराठी पदांत स्थान दिले, आणि ‘मानापमान’ (१९११) साठी गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी बंदिशी व ठुमऱ्यांच्या चाली योजिल्या. १९९० नंतर फॅमिकॉमची नक्कल असलेली स्वस्त यंत्रे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत आली आणि कोंडो यांच्या धुना, त्यांचे नाव कोणास ठाऊक नसताही, तालुक्याच्या गावांतील घरांत वाजू लागल्या. प्रोग्रेसिव्ह रॉकचा श्रोतृवर्ग मुख्यतः मुंबई-पुण्यात तयार झाला. ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा इंग्रज वृंद २००९ साली पवईच्या आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजला, आणि मुंबईच्या ‘कोशिश’ या वृंदाने २०१३ साली ‘फिरदौस’ ही हिंदी ध्वनिमुद्रिका काढली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाल्यापासून पुनर्रचनेसाठी महाराष्ट्रातच घडलेली सामग्रीही उपलब्ध आहे.

कायद्याच्या दृष्टीने १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमात संगीतकृतीची कोणतीही पुनर्रचना हे रूपांतर मानले असून तो अधिकार मूळ हक्कदाराकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ३१-सी नुसार, मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षे लोटल्यावर, पूर्वसूचना देऊन व स्वामित्वशुल्क भरून कृतीचे नवे ध्वनिमुद्रण करता येते. मात्र हक्कदाराच्या संमतीने पूर्वी न झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक असा फेरफार त्यात चालत नाही. अर्ध्या मिनिटाची धून पंधरा मिनिटांची करणाऱ्यास त्यामुळे या कलमाचा आधार पुरत नाही, आणि ध्वनिमुद्रणापूर्वी हक्कदाराची लेखी परवानगी मिळवावी लागते.