वडिलांची टाकी, मुलाचे जिवाणू

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली की जाणते शौकीन तिच्यात लगेच मासे सोडत नाहीत. पाणी, खडक, वाळू, पंप सगळं जागेवर असतं; तरी चार ते सहा आठवडे टाकी तशीच चालवतात, अमोनियाचे थेंब घालतात आणि पाणी तपासत राहतात. यालाच 'टँक सायकल करणं' म्हणतात. या रिकाम्या आठवड्यांचं मूळ शोधत गेलं, तर लंडनमधले एक बापलेक भेटतात. दोघांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

वडील रसायनशास्त्रज्ञ. सुमारे पन्नास लिटरच्या भांड्यात त्यांनी सोनमासे ठेवले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि कुजकी पानं खायला गोगलगायी सोडल्या. पाणी न बदलता सगळं जगलं. मासे श्वासातून जे सोडतात ते वनस्पती घेते आणि बदल्यात प्राणवायू देते, असा समतोल त्यांनी १८५० मध्ये मांडला. पुढे खाऱ्या पाण्यावरही त्यांनी प्रयोग केले. घरगुती मत्स्यालयाचा पाया इथे घातला गेला. पण त्यांच्या हिशेबात श्वास होता, उत्सर्जन नव्हतं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, आणि समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्यातला विषारी हिस्सा तिथे जास्त असतो. वडिलांच्या भांड्यात तो निस्तरणारे जीव काचेवर, वाळूवर असणारच. त्यांची कुणाला कल्पनाच नव्हती.

ती आली सांडपाण्यातून. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपवलं. सुरुवातीचे काही दिवस काहीच घडलं नाही. सुमारे वीस दिवसांनी अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं. म्हणजे काम करणारं जे काही होतं, ते जिवंत होतं. मला तर ती नळी म्हणजे सायकल होणारी पहिली टाकीच वाटते: तीच वाळू, तीच सुरुवातीची शांतता.

इथे मुलगा येतो. धाकटे वॉरिंग्टन इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात जमिनीतल्या नायट्रेटचा अभ्यास करत होते. हे काम दोन टप्प्यांत होतं, हे त्यांनी दाखवलं: एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पण ते जीव वेगळे काढणं त्यांना साधलं नाही. जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या सेंद्रिय खाद्यावर हे वाढतच नसत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास ते खाद्य काढून टाकलं, निव्वळ खनिजांवर जिवाणू वाढवले आणि कोडं सोडवलं.

वडिलांनी मत्स्यालय दिलं, मुलाने त्यातलं अदृश्य काम उलगडलं. पण शेतातलं हे ज्ञान काचेच्या टाकीपर्यंत पोहोचायला फार वर्षं गेली. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी बंदिस्त पाण्यातल्या मत्स्यपालनावरच्या पुस्तकात जिवाणूंच्या गाळणीला मध्यवर्ती जागा दिली. तरीही टाकी सायकल करायला चिवट डॅमसेल मासे सोडण्याची रीत बराच काळ टिकली. अमोनिया आणि नायट्राइट चढत असताना ते मासे त्यातच पोळत. बाटलीतला अमोनियम क्लोराइड घालून तेच काम होत असताना जिवंत मासा त्यासाठी वापरणं मला क्रूर वाटतं. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो, त्यापाठोपाठ नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की मगच माशांची पाळी.

आणि काम करणारे सगळे अजून ओळखीचे झालेले नव्हते. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवणारा जिवाणू पुस्तकांतला नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असल्याचं दिसलं. २००५ मध्ये सिअ‍ॅटल मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय खाऱ्या टाकीतून नायट्रोसोप्युमिलस वेगळा काढला गेला. तो जिवाणूसुद्धा नव्हे. आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला. अमोनियावर जगणारा आर्किया शुद्ध स्वरूपात वाढवता आला, तो तेव्हा प्रथमच. त्याचे भाईबंद महासागरात अफाट संख्येने राहतात आणि अमोनिया जवळपास नसल्यासारखाच असतो, अशा पाण्यातही हेच काम करतात.