फुप्फुसातील तवंग : विषवायूपासून औषधवाहकापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत असत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तरीही आज मी विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहे. त्याचे कारण भोपाळकरांना निराळे सांगावयास नको. २ व ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. तेव्हापासून या शहरात ‘श्वास’ हा शब्द पूर्वीच्या निश्चिंतपणे उच्चारता येत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या मातोश्री तेव्हा स्टेशनच्या परिसरात राहत. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. काकू त्या रात्रीतून वाचल्या. परंतु दम त्यांच्या छातीत कायमचा वस्तीला आला. पुढे त्यांना पंप मिळाला. वर्षभर त्या तो नेमाने घेत होत्या आणि गुण मात्र येत नव्हता. एके दिवशी एका तरुण डॉक्टरने त्यांना तो समोर घ्यावयास सांगितला, तेव्हा उलगडा झाला. काकू पंप दाबत आणि मग सावकाश श्वास घेत. औषध जिभेवर व घशात बसून राही. औषध घरात होते, हातात होते, तोंडातही होते. छातीत मात्र नव्हते. औषध असणे आणि औषध पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

१. तवंगाचा शोध

आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते उलगडून पसरले, तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढा पृष्ठभाग होईल. प्रत्येक वायुकोश आतून ओला असतो, आणि ओल्या पृष्ठभागाला आकसण्याची ओढ असते. तिला आपण शाळेत पृष्ठताण म्हणून शिकलो. या ताणाला आवर घालणारे काही नसते, तर उच्छ्वासागणिक वायुकोश मिटले असते आणि ते पुन्हा उघडण्यासाठी प्रत्येक श्वासाला मोठे कष्ट पडले असते.

१९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी डुकराची फुप्फुसे एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने ती फारच कमी दाबात फुगली. हवा आणि ओलावा जेथे भेटतात तेथेच खरा विरोध आहे, हे त्यातून दिसले. परंतु या निबंधाकडे पुढे पाव शतक कोणी फारसे लक्ष दिले नाही.

यानंतरचा भाग मात्र भोपाळच्या माणसाने थबकून ऐकावा असा आहे. १९५५ साली रिचर्ड पॅटल यांनी या गोष्टीचा पुन्हा छडा लावला, तो इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथे. ती रासायनिक युद्धाच्या संशोधनाची सरकारी संस्था होती. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या फॉस्जीनसारख्या वायूंनी माणसाची फुप्फुसे पाण्याने भरतात आणि तोंडाला फेस येतो. त्या फेसावर उपाय शोधण्याचे काम तेथे चालले होते. फुप्फुसातील फेसाचे बुडबुडे साध्या बुडबुड्यांसारखे फुटून जात नाहीत, बराच वेळ टिकतात, असे पॅटल यांना आढळले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, वायुकोशांच्या आतून पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करणारा एक अतिसूक्ष्म थर असला पाहिजे. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या रासायनिक केंद्रात जॉन क्लेमेंट्स यांनी तो गुण प्रत्यक्ष मोजला. या पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. मी त्याला तवंग म्हणतो. कारण आमटीवर तेलाचा तवंग असतो तसा तो वायुकोशातील ओलाव्यावर पसरलेला असतो. त्याचा सुमारे नऊदशांश भाग स्निग्ध पदार्थांचा आणि उरलेला प्रथिनांचा असतो.

फॉस्जीन हे नाव भोपाळला परके नाही. येथील कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार करण्यासाठी तेच वापरीत असत. म्हणजे विषवायूंच्या अभ्यासातून मानवाला श्वासाचे एक मूलभूत रहस्य १९५५ मध्ये कळले होते. आणि २९ वर्षांनी त्याच विषाच्या गोत्रातील वायूने एक शहर गुदमरले, तेव्हा हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उतारा काय, हेही धडपणे सांगणारे कोणी नव्हते. प्राणवायू, स्टेरॉइड, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे, डोळ्यांत थेंब, जे हाताशी होते ते त्यांनी दिले. ज्ञान जगात होते. ते येथे पोहोचले नव्हते.

२. तवंगाचे औषध

१९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखविले की, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा श्वास कोंडतो तो या तवंगाच्या अभावी. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र पॅट्रिक याच विकाराने ३९ तासांत गेला. सत्ता व संपत्ती यांना जे साधले नाही ते १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांना साधले. गाईच्या फुप्फुसातून मिळविलेला सर्फॅक्टंट त्यांनी १० अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडला आणि त्यांचा श्वास सुधारला.

३. तवंग हेच वाहन

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत धूमपानाचा विधी, त्याची नळी आणि वर्ती यांचे सविस्तर वर्णन आहे. मोजका फवारा देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. परंतु काकूंची अडचण तेव्हापासून आजतागायत तशीच आहे. साधारणतः एक ते पाच मायक्रॉनचे कणच खोल जातात. मोठे कण घशातच बसतात. शिवाय जे आत जातात तेही जेथे पडले तेथेच राहतात. आजाराने बंद पडलेल्या भागात हवाच जात नाही, मग औषध कोठून जाणार?

येथे तवंगाचा दुसरा गुण उपयोगी पडतो. लहानपणी आपण पाण्यावर कापराचा खडा सोडून त्याची धावाधाव पाहिली असेल. पृष्ठताण जेथे कमी होतो तेथून जास्त ताणाकडे पाण्याचा पृष्ठभाग ओढला जातो. सर्फॅक्टंटही ओल्या पृष्ठभागावर असाच आपोआप पसरतो. तेव्हा औषध त्याच्यावरच बसवून दिले, तर तो त्याला आपल्याबरोबर पुढे घेऊन जाईल, आणि मिटलेले वायुकोश उघडण्याचे कामही करील, असा हा विचार आहे.

या विचाराला महाराष्ट्रातही प्रयोगशाळा लाभली. पवईच्या आय.आय.टी.मध्ये रिंती बॅनर्जी आणि चिमोटे यांनी क्षयाच्या औषधांवर काम केले. ही औषधे मिसळल्याने तवंगाचे मूळ कार्य बिघडते काय, हे त्यांनी आधी तपासले. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये त्यांनी आयसोनियाझिड हे औषध सर्फॅक्टंटच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून त्याचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष मांडले. गोळीने सर्व शरीरभर जाणारे औषध रोग आहे तेथेच नेता यावे, ही त्यामागील आकांक्षा. क्षयाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या या देशाला तिचे मोल समजावे.

इतिहासाच्या अभ्यासकाने अपयशही सांगितले पाहिजे. रोगाने फुप्फुसात पाणी झाले की रक्तातील प्रथिने तेथे झिरपतात व तवंग निकामी करतात. प्रौढ रुग्णांना सर्फॅक्टंटची वाफ देऊन पाहिलेला १९९६ चा मोठा प्रयोग मृत्यू कमी करू शकला नाही. अर्भकांना सर्फॅक्टंटमध्ये ब्युडेसोनाइड मिसळून दिल्यास फुप्फुसांचा दीर्घ विकार टळतो, असे २०१६ मध्ये २६५ अर्भकांच्या पाहणीत दिसले. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक अर्भकांच्या पाहणीत तो लाभ आढळला नाही. म्हणून सर्फॅक्टंट त्या रात्री असता तर भोपाळ वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे मृतांशीही अप्रामाणिकपणाचे होईल.

मग या इतिहासातून घ्यावयाचे काय? नीरगार्ड यांचा निबंध पंचवीस वर्षे वाचकावाचून पडला होता. विषवायूंचे ज्ञान युद्धशाळांत होते, पण कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्तीला नव्हते. काकूंच्या हातात पंप होता, पण तो कसा घ्यावा हे सांगणारा माणूस वर्षभर भेटला नव्हता. तिन्ही ठिकाणी उणीव वाहनाची होती. वैज्ञानिक औषधाचे वाहन शोधीत आहेत. ज्ञानाचे वाहन होणे हे शिक्षकाचे काम आहे. ज्यांचे आज आपण स्मरण करीत आहोत, ते गुरुजी या शाळेत आयुष्यभर तेच करीत राहिले.

काकू आता नाहीत. अखेरच्या काही वर्षांत मात्र त्या वस्तीतील इतर बायकांना ओट्यावर बसवून पंप कसा ओढावा हे स्वतः शिकवीत असत. “दाबायचं आणि ओढायचं, दोन्ही एकदम,” असे त्या म्हणत.