प्रतिध्वनीने मोजलेले आयनांबर

रात्री शॉर्टवेव्हवर दूरच्या केंद्राचा आवाज भरून येतो, मग विरतो, पुन्हा भरून येतो. ऐकणाऱ्याला वैताग आणणाऱ्या याच चढउतारातून आयनांबर, म्हणजे आकाशातला विद्युतवाहक थर, मोजण्याची विद्या जन्मली. विसाव्या शतकातल्या अत्यंत देखण्या मोजमापांमध्ये मी तिची गणना करतो.

१९०१ साली मार्कोनीने इंग्लंडहून सोडलेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकला. पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून तो पोचला कसा? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, आकाशात विद्युतवाहक थर असावा असे सुचवले. तो तर्क तर्कच राहिला.

डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी त्याला पुराव्याचे बळ दिले. बीबीसीचे कार्यक्रम आटोपल्यावर बोर्नमथचा ट्रान्समीटर त्यांच्यासाठी चालवला गेला. रिसीव्हर होता ऑक्सफर्डला. लहरी मध्यम होत्या, पण युक्ती पुढे सगळ्यांच्या कामी आली. एक लहर जमिनीलगत येई, दुसरी वरून परते. दोघी जुळल्या की संकेत वाढे, एकमेकींच्या विरोधात गेल्या की बुडे. तरंगलांबी सावकाश बदलत नेऊन त्यांनी ही वाढघट मोजली. तिच्या संख्येवरून दोन वाटांतला फरक निघाला आणि त्यावरून थराची उंची, सुमारे ९० किलोमीटर! ज्या त्रासाला सगळे कंटाळले होते, त्याचीच मोजपट्टी केली, हे मला फार मोठे वाटते.

१९२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह यांनी आणखी सरळ वाट धरली. रेडिओचे छोटे ठोके वर सोडायचे आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजायचा. ठोका दोन सहस्रांश सेकंदांत परतला, तर उंची ३०० किलोमीटर. ही उंची भासमानच, कारण आयनांबरात ठोक्याचा वेग मंदावतो.

आजचा आयनोसोंड याच घराण्यातला. तो साधारण १ ते २० मेगाहर्ट्झपर्यंत कंप्रता चढवत प्रत्येकीचा प्रतिध्वनी टिपतो. एका मर्यादेपुढे सरळ वर सोडलेला ठोका परतत नाही, थर भेदून निघून जातो. ही मर्यादा ९ मेगाहर्ट्झ असेल, तर थरात दर घनमीटरला सुमारे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतात. तिरप्या लहरी मात्र त्याहून वरच्या कंप्रतेवरही परततात. सूर्य मावळला की इलेक्ट्रॉन घटतात, मर्यादा खाली येते. म्हणून दूरची केंद्रे दिवसा वरची आणि रात्री खालची कंप्रता वापरतात.