गृहस्तरावरील नवजात बालकाची काळजी : गुणवत्ता व सुरक्षिततेचे निकष

जन्मानंतरच्या 42 दिवसांत प्रशिक्षित आशा स्वयंसेविकेने घरी जाऊन बाळाची व बाळंतिणीची ठरलेल्या निकषांनुसार केलेली तपासणी व देखभाल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून गडचिरोलीतील 39 गावांत या पद्धतीचा पाया घातला. तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. 2011 मध्ये या पद्धतीचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. नांदेड व लातूर जिल्ह्यांतही तो राबवला जातो.

निकष : दवाखान्यातील बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी भेट, घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवशीही. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, वजन, तापमान व श्वास मोजणे, नाळ कोरडी ठेवणे, निव्वळ स्तनपान. मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, अंग गार पडणे, दूध ओढणे थांबणे ही धोक्याची लक्षणे. अशा वेळी 102 किंवा 108 रुग्णवाहिकेने बाळाला तातडीने रुग्णालयात हलवावे. नोंदींची पडताळणी आरोग्यसेविका व गटप्रवर्तक करतात.

मर्यादा : बाळंतपणासाठी माहेरी जाणे आणि ऊसतोडीचे स्थलांतर यांमुळे मराठवाड्यात भेटींची साखळी तुटते. म्हणून मूळ व मुक्कामाच्या अशा दोन्ही गावांच्या आशांनी परस्परांना कळवणे अत्यावश्यक आहे. पत्ता बदलला म्हणून बाळाचा काळजीचा हक्क संपत नाही.