एक समुद्र, दोन सामोआ

पॅसिफिक महासागरातील सामोआची बेटे भाषेने, नात्यागोत्याने आणि चालीरीतींनी एकच. १८९९च्या करारात जर्मनी आणि अमेरिका यांनी ती आपसांत वाटून घेतली. पश्चिमेकडची मोठी बेटे जर्मनीच्या वाट्याला गेली, पूर्वेकडचे तुतुइला आणि शेजारची लहान बेटे अमेरिकेच्या. महायुद्धाच्या आरंभीच, ऑगस्ट १९१४मध्ये, न्यूझीलंडच्या फौजेने जर्मन सामोआ ताब्यात घेतला. राज्यकर्ते बदलले तरी दोन्हीकडच्या घरांतली सोयरीक आणि होड्यांची ये-जा चालूच राहिली. मधला समुद्र शंभर किलोमीटरचाही नाही. तरीही १९१८च्या इन्फ्लुएंझाने पश्चिमेकडची सुमारे साडेआठ हजार माणसे नेली; लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून ती अधिक होती. पूर्वेकडे त्या साथीत एकही माणूस दगावला नाही.

हा फरक औषधाने पडला नाही, कारण औषध कोणाकडेच नव्हते. रोगाचे कारणही नीट कळलेले नव्हते. अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो थेट १९३३मध्ये. १९१८मध्ये हाताशी एकच ज्ञान होते : आजार माणसाकडून माणसाकडे जातो, आणि बेटावर माणूस येतो तो बोटीनेच.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालून’ हे जहाज पश्चिम सामोआतील अपिया बंदराला लागले. ते निघाले होते ऑकलंडहून, आणि तिथे साथ भडकलेली होती. परंतु इन्फ्लुएंझा तेव्हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत नव्हता. त्यामुळे जहाजाजवळ निरोगीपणाचा दाखला होता. वाटेत फिजीच्या सुवा बंदरात त्याला अलग ठेवले गेले होते, ही गोष्ट अपियात सांगितली गेली नाही. जहाजावर आजारी माणसे असतानाही उतारूंना उतरण्याची परवानगी मिळाली. काही दिवसांतच साथ गावोगाव पसरली. शेतावर जायला, रांधायला, प्रेते पुरायला धडधाकट माणूस मिळेना.

पूर्व सामोआचे गव्हर्नर, अमेरिकी नौदलाचे अधिकारी जॉन पॉयर यांनी साथीच्या बातम्या बिनतारी संदेशांतून ऐकल्या आणि आपली बेटे बाहेरच्यांसाठी बंद केली. अपियाहून आलेली टपालाची बोटही त्यांनी अलग ठेवली. मात्र हुकूम काढून एवढा मोठा किनारा राखता येत नाही. नात्यातल्या माणसाची होडी रात्री कुठल्याही खाडीत शिरू शकली असती. म्हणून पॉयर यांनी गावांच्या प्रमुखांना विश्वासात घेतले. किनाऱ्यावर पहारा बसला तो गावकऱ्यांचाच.

पॉयर यांनी पश्चिमेकडे वैद्यकीय मदत देऊ केली होती. तिथले प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन यांनी ती घेतली नाही. टपालाची बोट अडवल्याचा राग धरून त्यांनी पागो पागोशी असलेला बिनतारी संपर्कच तोडला.

मराठी वाचकाला इथे १८९७चे पुणे आठवेल. प्लेगचा जंतू वेगळा, त्याची पसरण्याची वाटही वेगळी; पण घरोघर शिरून तपासणी करणाऱ्या गोऱ्या सोल्जरांमुळे उपायाचीच दहशत बसली. लोक रोगी लपवू लागले. अलगीकरणाचे तत्त्व पुण्यातही होते आणि तुतुइलातही. पुण्यात ते लोकांवर लादले गेले, तुतुइलात ते लोकांनी स्वतः राबवले.

अर्थात तुतुइलाचा धडा सगळीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे वस्ती थोडी होती आणि येणारी जहाजे मोजकी. मुंबईच्या गोदीवर युद्धाची वाहतूक अखंड चालू होती. जून १९१८मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, आणि बंदरातून व रेल्वेमार्गांनी साथ देशभर गेली. एवढे बंदर युद्धकाळात बंद करणे कोणाला परवडले असते? लहान बेटाला जे जमले ते मोठ्या शहराला जमले नाही म्हणून शहराला बोल लावणे न्यायाचे नाही. मात्र अपियाला ही सबब नव्हती. तेही बेटावरचेच बंदर होते, आणि तिथे एक जहाज धक्क्याला लागू न देणे एवढाच प्रश्न होता.

अपियातल्या त्या परवानगीची किंमत साथ ओसरल्यावरही फिटली नाही. १९१९मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि प्रशासनावर ठपका आला. पुढे न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्ध ‘माउ’ चळवळ उभी राहिली, तिच्यामागे या मृत्यूंची आठवण होती. चळवळीचे एक पुढारी ओलाफ नेल्सन यांच्या घरची माणसेही याच साथीत गेली होती. पश्चिम सामोआ १९६२मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २००२मध्ये, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपियात जाऊन आपल्या देशाच्या कारभारातील चुकांबद्दल जाहीर माफी मागितली. त्या चुकांत ‘तालून’ला दिलेल्या परवानगीचाही उल्लेख होता.