कागद पोचला का?

दिवाळीत चंद्रपूरला मामांकडे गेलो होतो. शेजारच्या बंद घराच्या दारावर कोर्टाचा कागद डकवलेला दिसला. घरवाले काका पुण्याला मुलाकडे. मी विचारलं, "मामा, त्यांना कळणार कसं?"

मामा म्हणाले, "कळो की न कळो, कोर्टाच्या लेखी कळलं बाप्पा!"

आम्ही नेटवर्कवाले पलीकडून पोच आल्याशिवाय पॅकेट पोचलं असं मानत नाही. इथे तर चक्क दाराला कागद चिकटवला की पोचला! म्हणून जरा खोदकाम केलं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पाचवा आदेश आहे, समन्सचा. बेलिफाने कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. माणूस घरी नसेल तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडे द्यायचा. यात बायका आल्या थेट १९७६ च्या दुरुस्तीने. फौजदारी समन्स तर १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू होईपर्यंत घरातल्या पुरुषाकडेच देता येई! कोणीच नसेल किंवा घ्यायला नकार दिला, तर दारावर डकवायचा आणि तसा अहवाल कोर्टाला द्यायचा. नाहीतर लपून बसणारा प्रत्येक जण खटला अडवेल. म्हणजे नियम तसा शहाणपणाचाच.

पण हाच नियम जंगलात नेला की काय होतं बघा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगल करताना आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे. हक्क सांगितला नाही, तर सहसा तो संपला. १८७८ च्या कायद्याचा सांगाडाही हाच. आता गडचिरोली डोळ्यासमोर आणा (१९८२ पर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता). गोंडी-माडिया बोलणारी गावं, वाचता येणारं माणूस विरळा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. तिथे तीन महिने म्हणजे किती हो? कागदोपत्री मात्र सगळ्यांना 'कळलं'!

२००६ च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाला हे मान्य केलं. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण मला जास्त मोलाची वाटली ती २०१२ ची नियमदुरुस्ती. दावा फेटाळला तर कारणासकट दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, आणि अपिलाचे ६० दिवस कळवल्यापासून मोजायचे. कागद लावल्यापासून नाही, कळल्यापासून! तरीही १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला, तेव्हा अनेकांना नकार कळवलाच नव्हता ही तक्रार पुढे आली. २८ फेब्रुवारीला आदेश थांबला.

असो. २०२० च्या जुलैत, करोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवरून समन्स पाठवायला परवानगी दिली. २०२५ मध्ये मात्र पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही, असं त्याच न्यायालयाने सांगितलं. निळ्या टिका आल्या म्हणजे माणसाला समजलं, असं होत नाही ना!

निघताना मी त्या दारावरच्या कागदाचा फोटो काढून काकांच्या मुलाला पाठवला. कायद्याच्या हिशेबात याला बजावणी म्हणत नाहीत. पंधरा मिनिटांत त्याचा घाबरून फोन आला. तारीख पुढच्याच आठवड्यात होती.