फाइल शाबूत, तरी दार बंद : जुन्या डेटाबेसच्या तुटलेल्या जोडणीचा इतिहास

१/१२
फॉक्सप्रोतील जुन्या नोंदी आजच्या ॲक्सेसमध्ये वा एक्सेलमध्ये आणू गेल्यास अनेकदा एक संदेश आडवा येतो : 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डीफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड'. फाइल जागेवर असते, नोंदी शाबूत असतात. तरी दार उघडत नाही. त्याचे कारण गेल्या चार दशकांच्या इतिहासात दडले आहे. हा धागा त्या इतिहासाचा आणि त्यातूनच निघणाऱ्या उपायांचा.

२/१२
आरंभ कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत होतो. तेथे काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणकासाठी 'व्हल्कन' हा प्रोग्राम लिहिला. प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावरची 'जेपीएलडीआयएस' ही प्रणाली त्यांच्यासमोर होती. पुढे ॲश्टन-टेट कंपनीने व्हल्कन 'डीबेस टू' या नावाने बाजारात आणला. 'डीबेस वन' कधी नव्हताच!

३/१२
डीबेसची टिकाऊ देणगी म्हणजे 'डीबीएफ' फाइल. आरंभी नोंदींची संख्या, रकान्यांची नावे व रुंदी. त्यापुढे ठरावीक लांबीच्या नोंदी एकीमागून एक. रचना इतकी सोपी की क्लिपर, फॉक्सबेस अशा इतर प्रोग्रामांनीही ती आपलीशी केली. त्या काळी दोन प्रोग्रामांमध्ये मध्यस्थ लागत नसे. फाइल हाच दुवा होता.

४/१२
पण या भाषेचा मालक कोण? १९८८ मध्ये ॲश्टन-टेटने फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा लावला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायालयाने डीबेसचा स्वामित्वहक्कच अवैध ठरवला, कारण जेपीएलडीआयएसशी असलेले नाते नोंदणीच्या वेळी सांगितलेले नव्हते. तो आदेश १९९१ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी बोर्लंडने ॲश्टन-टेट विकत घेतली, तर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स.

५/१२
दरम्यान एका भाषेच्या अनेक बोली झाल्या. लांब मजकुरासाठी डीबेसची 'डीबीटी' फाइल, तर फॉक्सप्रोची 'एफपीटी'. डीबीएफचा पहिला बाइट आवृत्तीची खूण सांगतो. व्हिज्युअल फॉक्सप्रोने तीही बदलली. म्हणून अशी फाइल डीबेसच्या ड्रायव्हरने उघडली की 'एक्स्टर्नल टेबल इज नॉट इन द एक्स्पेक्टेड फॉरमॅट' अशी तक्रार येते. फाइल बिघडलेली नसते, बोली निराळी असते. व्हिज्युअल फॉक्सप्रो हाताशी असल्यास 'कॉपी टू' आज्ञेत 'टाइप फॉक्स२एक्स' देऊन जुन्या बोलीतील प्रत काढता येते.

६/१२
या बोलींच्या गोंधळावर १९९२ मध्ये एक तह झाला, त्याचे नाव ओडीबीसी. अनेक कंपन्यांच्या 'एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप'ने आखलेल्या मसुद्यावर मायक्रोसॉफ्टने तो उभारला. प्रत्येक प्रोग्रामने प्रत्येक फाइलची भाषा शिकण्याऐवजी सर्वांनी एकाच भाषेत विचारावे आणि दुभाष्याने, म्हणजे ड्रायव्हरने, उत्तर आणून द्यावे, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी ॲक्सेसची पहिली आवृत्तीही आली.

७/१२
या व्यवस्थेत प्रोग्राम व ड्रायव्हर यांच्यामध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाचा कारभारी बसतो. कोणत्या नावासाठी कोणता दुभाषी, याची नोंद त्याच्या वहीत असते. पहिल्या पोस्टमधला संदेश त्याचाच आहे. 'हे नाव माझ्या वहीत नाही', एवढेच तो सांगतो. फाइलपर्यंत तो पोहोचलेलाच नसतो. म्हणून अशा वेळी फाइल 'दुरुस्त' करण्याच्या फंदात पडू नये.

८/१२
मग ६४ बिटांचे युग आले. ड्रायव्हर हा प्रोग्रामच्या स्वतःच्या स्मृतीत चढवला जातो, म्हणून दोघांची बिटे जुळावीच लागतात. ऑफिस २०१० पासून ॲक्सेस ६४ बिटांतही मिळू लागले. मात्र जुने 'जेट' इंजिन व फॉक्सप्रोचे ड्रायव्हर ३२ बिटांचेच राहिले. त्यात ६४ बिटांच्या विंडोजवर कारभाऱ्याच्या वह्या दोन, आणि गंमत अशी की 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये ६४ बिटांची, तर 'सिसवॉव६४' मध्ये ३२ बिटांची!

९/१२
म्हणून तपासाचा क्रम असा : आधी फाइलची प्रत काढावी. मग प्रोग्राम ३२ बिटांचा की ६४, हे पाहावे. त्याच बिटांच्या वहीत ड्रायव्हर आहे का, ते पाहावे. नाव 'यूझर डीएसएन' खाली नोंदले असेल तर ते त्याच वापरकर्त्याला दिसते. सर्वांसाठी 'सिस्टम डीएसएन' हवे. शेवटी मार्ग तपासावा : 'झेड' सारखे नेटवर्कचे अक्षर दुसऱ्या खात्याखाली चालणाऱ्या सेवेला दिसेलच असे नाही.

१०/१२
दार उघडूनही ॲक्सेस 'फाइल वापरात आहे' म्हणत असेल, तर शेजारची 'एलडीबी' वा 'एलएसीसीडीबी' फाइल पाहावी. आत कोण आहे याची नोंद तेथे होते. ती फाइल तयार करण्यासाठी वापरकर्त्याला फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा लागते. केवळ वाचण्याची मुभा अनेकांच्या सामायिक वापराला पुरत नाही. मागे राहिलेली कुलूप-फाइल सर्वजण बाहेर पडल्याची खात्री झाल्यावरच काढावी.

११/१२
आता मराठीशी थेट संबंध असलेला अडथळा. पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डामुळे डॉसवरील डीबेससारख्या प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता येऊ लागली. त्यामागची लिपी-संहिता 'इस्की', तिचे भारतीय मानक १९९१ चे. अशी फाइल आज जोडली तर त्रुटी येत नाही. नावांच्या जागी मात्र रोमन चिन्हांचा काला दिसतो. वाटेत ड्रायव्हरने चिन्हे बदलली तर गोंधळ दुप्पट होतो. म्हणून मूळ फाइलमधूनच इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ हा संकेत-पट आहे.

१२/१२
व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले. २०१५ मध्ये आधारही संपला. नोंदी मात्र वाचकाची वाट पाहत पडून आहेत. मोडीतील कागदांचे हेच झाले : कागद टिकला, वाचणारे विरळ झाले. ज्यांच्याकडे आजही चालणारा जुना संगणक आहे, त्यांनी नोंदी युनिकोडमधील साध्या मजकूर-फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थही लिहून ठेवावा. तो अर्थ कोणताही ड्रायव्हर सांगणार नाही.